चौतीस बंदरांची आगबोट

वकिलाचा प्रवास म्हणजे सामान्यतः एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात. गेली वीस-बावीस वर्षे मडगाव, फोंडे आणि पणजी-पर्वरी या त्रिकोणात माझे आयुष्य फिरत आले आहे. त्यामुळे जून २०२४ मध्ये मी नॉर्वेला जाणार, आणि तेही शहात्तर वर्षांच्या मातोश्रींना बरोबर घेऊन, ही वार्ता बाररूममध्ये पोहोचली तेव्हा मित्रांनी दोनच प्रश्न केले. तिकडे खायला काय मिळते, आणि खर्च कोण करतो? पहिल्याचे उत्तर मासे आणि दुसऱ्याचे उत्तर धाकटा भाऊ असे होते. जातोस कशाला, हा तिसरा प्रश्न सुदैवाने कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर माझ्या चामड्याच्या बॅगेत एका जाड लखोट्यात होते.

तो लखोटा तडजोडनाम्याच्या मसुद्याचा होता. आमचे वडील २०२१ च्या मे महिन्यात, महामारीच्या भर वणव्यात गेले. भाऊ ओस्लोला अभियंता आहे. त्याला येता आले नाही. अग्नी मी दिला, आणि त्याने तो भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिला. पुढे वर्षभराने घराचा प्रश्न निघाला. अंत्रूज महालात, देवळापासून हाकेच्या अंतरावर, आमचे जुने घर आहे. आमच्या गोव्यातील कायद्याने अर्धे घर आईचे आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही दोघे, म्हणजे प्रत्येकी चार आणे. आपले चार आणे विकून टाकावेत असे भावाचे म्हणणे. घराची वीटही हलू नये हे माझे. एवढा मतभेद पुष्कळ घरांत असतो. परंतु मी वकील पडलो. मी त्याला नोटीस पाठविली. स्वतःच्या लेटरहेडवर, रजिस्टर्ड टपालाने, ओस्लोच्या पत्त्यावर. ‘माझ्या अशिलाच्या सूचनेवरून’ हे नेहमीचे शब्द तेवढे लिहिता आले नाहीत, कारण अशीलही मीच होतो.

त्याआधी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती सांगताना मला अधिक लाज वाटते. वडिलांच्या वस्तूंपैकी भावाने एकच मागितली होती. लोकमान्य टिळकांचे ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे वडिलांचे जुने, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले पुस्तक. मी उत्तर दिले की सर्व जिनसांची यादी झाल्यावर पाहू. हजारो मैलांवरून एक पोरका माणूस बापाचे पुस्तक मागतो आणि दुसरा पोरका माणूस त्याला यादी दाखवितो! त्यानंतर दोन वर्षे आम्ही आईच्या मार्फतच बोललो.

प्रवासाचे पत्रही त्याने आईलाच लिहिले. तुला बोटीत बसवतो, असे. आईने उत्तर दिले, “दोगांयकय एकेच बोटींत बसयतलो जाल्यार हांव येतां.” त्या अटीखाली मी आणि माझी पत्नी प्रवासी ठरलो. निघताना मी लखोटा घेतला आणि, का कोण जाणे, पुस्तकही घेतले.

ओस्लो शहर दोन दिवसांत पाहून झाले. हे शहर १६२४ पासून तीनशे वर्षे एका डेन राजाच्या नावाने ख्रिस्तियानिया म्हणून ओळखले जात होते. १९२५ मध्ये त्याने आपले जुने नाव परत घेतले. २००८ मध्ये उघडलेल्या तिथल्या संगीतगृहाच्या पांढऱ्या, उतरत्या छपरावर लोक बागेत फिरावे तसे फिरतात. फ्रोग्नर बागेत गुस्ताव व्हीगेलाण या शिल्पकाराने घडविलेले दोनशेहून अधिक पुतळे आहेत, बहुतेक सगळे दिगंबर. आईला कुठे न्यावे आणि कुठे नेऊ नये, याची चर्चा मी पत्नीशी कुजबुजत करीत असता ती एकटीच पुढे जाऊन मधल्या स्तंभापाशी उभी राहिली. एकाच अखंड शिळेत एकशेएकवीस मानवदेह एकमेकांना धरीत, रेटीत, सावरीत वर चढले आहेत. तिने बराच वेळ पाहिले आणि भावाला विचारले, “हे सगळे वयर खंय वतात?” भाऊ म्हणाला, ते शिल्पकाराने सांगितलेले नाही. भावजय आणि मुले ओस्लोलाच राहणार होती, कारण मुलांच्या शाळेला सुट्टी लागायला आठवडा होता. आम्ही दोघे भाऊ त्या दोन दिवसांत ट्रामच्या वेळा आणि आईची औषधे यांपलीकडे काही बोललो नाही.

ओस्लोहून बर्गेनला जाणारी आगगाडी १९०९ पासून डोंगर ओलांडते. फिन्से नावाचे तिचे सर्वांत उंच स्थानक १२२२ मीटरवर आहे, आणि जूनमध्येही तिथे फलाटाच्या पलीकडे बर्फ होता. बर्गेनला उतरलो तो पाऊस! वर्षातील दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडणारे हे शहर पाहून अन्य प्रवासी हिरमुसले, पण आम्हां गोमंतकीयांना पावसाचे काय? मृग सोडून आलो होतो, तो इथे भेटला.

बर्गेनच्या धक्क्यावर लाकडी घरांची एक रांग उभी आहे. तिला ब्रिग्गेन म्हणतात. चौदाव्या शतकात, सुमारे १३६० पासून, जर्मन हान्सा व्यापाऱ्यांची वखार इथे होती; १७०२ च्या आगीत सर्व जळाले, पुन्हा जुन्याच धाटणीने बांधले गेले, आणि १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. उत्तरेकडून वाळवलेला कॉड मासा यायचा, दक्षिणेकडून धान्य. मला तिथली एक गोष्ट विशेष वाटली. आगीच्या भयाने या घरांत चूल किंवा शेगडी पेटवायला बंदी होती. कडाक्याच्या थंडीत व्यापारी आणि त्यांचे उमेदवार काळोख्या खोल्यांत राहत, आणि ऊब व शिजवलेले अन्न यांसाठी मागल्या बाजूस बांधलेल्या वेगळ्या दालनात एकत्र जमत. आईने हे ऐकून एवढेच विचारले, “म्हणजे घरात दिवाही नाही?” हा प्रश्न पुढे आमच्याच वाट्याला येणार होता.

त्याच शहरात होकोनची मेजवानीशाळा म्हणून एक दगडी दालन आहे. १२६१ मध्ये राजपुत्र माग्नुस याचा विवाहसमारंभ तिथे झाला. माझ्यासारख्याला तीर्थक्षेत्र वाटावे असे हे ठिकाण, कारण हाच माग्नुस पुढे राजा झाला आणि १२७४ मध्ये त्याने साऱ्या देशाला एक कायदा दिला. म्हणून त्याला ‘कायदा सुधारणारा’ असे उपपद लागले. आम्ही गेलो त्या वर्षी त्या कायद्याला साडेसातशे वर्षे होत होती. मुलींना मुलांच्या निम्मा वारसा त्याने दिला होता. पूर्ण बरोबरी यायला १८५४ उजाडावे लागले. त्या संहितेत न्याय करणाऱ्यांना एक उपदेश आहे. निवाडा करताना चार बहिणींचा सल्ला घ्यावा: दया, सत्य, न्याय आणि शांती. मी हे मोठ्या उत्साहाने भावाला सांगितले. तो म्हणाला, “दादा, तुझ्या नोटिशीत यांपैकी एकीचीच सही होती.” कोणत्या बहिणीची, ते त्याने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.

रात्री आम्ही बोटीवर चढलो.

या बोटीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. नुसत्या मौजेसाठी समुद्रात तरंगणाऱ्या नाचगाण्यांच्या जहाजांपैकी ही नव्हे. नॉर्वेचा किनारा खाड्यांनी आणि बेटांनी इतका फाटलेला आहे की उत्तरेकडच्या गावांना पत्र पोहोचायला हिवाळ्यात काही महिने लागत. १८९१ च्या सुमारास सरकारने बारमाही आगबोट चालविण्यासाठी कंपन्यांना विचारणा केली, तेव्हा मोठ्यांनी अंग काढून घेतले. दीपगृहे थोडी, नकाशे अपुरे, आणि हिवाळ्यात चोवीस तास अंधार. रिचर्ड विथ नावाच्या एका कप्तानाने मात्र आपल्या वाटाड्यासह कित्येक वर्षे होकायंत्राच्या दिशा आणि घड्याळाची मिनिटे टिपून ठेवली होती. अंधारात किती मिनिटे कोणत्या रोखाने जायचे हे त्याच्या वहीत होते. २ जुलै १८९३ रोजी त्याची ‘व्हेस्टरोलेन’ ही बोट ट्राँडहाइमहून निघाली आणि तीन दिवसांत हामरफेस्टला पोहोचली. तेव्हापासून ही सेवा चालू आहे. महायुद्धांत तिच्या कित्येक बोटी बुडाल्या, माणसे गेली, तरी मार्ग टिकला. बर्गेनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत चौतीस बंदरे. जाऊन-येऊन बारा दिवस. २०२१ पासून दोन कंपन्या मिळून अकरा बोटी चालवितात, आणि बंदरोबंदरीच्या उतारूंसाठी व मालासाठी सरकार पैसे मोजते. आमच्यासारखे हौशी प्रवासी काचेच्या सज्जात बसून डोंगर पाहत असतात, त्याच वेळी एखादी म्हातारी बाजाराची पिशवी घेऊन एका बंदरात चढते आणि दुसऱ्यात उतरते.

आईने हे पहिल्याच सकाळी हेरले. खालच्या धक्क्यावर लाकडी खोकी, यंत्रांचे भाग, पालेभाज्यांच्या पेट्या चढत-उतरत होत्या, आणि ती कठड्याला धरून खिळल्यासारखी उभी होती. १९७० मध्ये लग्न होऊन ती पणजीच्या धक्क्यावरून ‘कोकणसेवक’ बोटीने मुंबईला गेली होती. वेंगुर्ले, मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत बोट जाई. धक्का नसेल तिथे पडाव येत, आणि त्या हिंदकळणाऱ्या पडावांतून ट्रंका, फणस, नवऱ्यामुली आणि रडणारी पोरे खलाशी हातोहात वर घेत. तिने त्या रात्री डेकवर, वडिलांच्या धोतराच्या घडीवर डोके ठेवून झोप काढली होती. हे तिने आम्हांला यापूर्वी कधी सांगितले नव्हते. आमच्या किनाऱ्याची ती बोट पुढे बंद झाली. रस्ते झाले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि बंदरे एकामागून एक ओस पडली. रेल्वे नको होती असे मी म्हणणार नाही. पण इथेही १९६२ मध्ये बूडो या गावापर्यंत रेल्वे आली, रस्ते आणि विमानतळ तर चहूकडे झाले, आणि तरी यांनी आपली बोट सोडली नाही, हे पाहून कोकणी माणसाच्या मनात काही हलल्याखेरीज राहत नाही.

दुसऱ्या दिवशी ओलेसुंड लागले. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री हे गाव जळून खाक झाले होते. तीनेक वर्षांत ते एकाच शैलीत, मनोरे आणि नक्षी यांनी नटवून पुन्हा उभारले गेले. रात्री क्रिस्तियानसुंड येऊन गेले. खारवून वाळविलेल्या कॉडचे हे गाव. याच किनाऱ्यावरचा खारा कॉड पोर्तुगालमध्ये जाऊन ‘बाकल्याव’ झाला आणि पोर्तुगीजांच्या ताटातून आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरांतही आला. जगाचा बाजार हा असा फिरतो.

तिसऱ्या सकाळी ट्राँडहाइम. इथले निदारोस मंदिर संत ओलाव याच्या समाधीवर उभारले आहे. हा राजा १०३० मध्ये स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडला. १०७० च्या सुमारास त्याच्या थडग्यावर मंदिराचे काम सुरू झाले, आणि शतकानुशतके पायी यात्रा येत राहिली. वेदीवर त्याची रौप्य पेटी होती. १५३७ मध्ये धर्मसुधारणेच्या लाटेत डेन राजाच्या माणसांनी ती डेन्मार्कला नेली आणि वितळविली. संताचा देह मंदिरातच पुन्हा पुरला आहे. पण नेमका कुठे, ते कोणी दाखवू शकत नाही. आईने विचारले, “आनी तांचो देव खंय गेलो?” भावाने जे खरे ते सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की यांना नदी नव्हती वाटते.

आमच्या वाचकांना या वाक्याचा उलगडा करून सांगण्याची गरज नाही. त्याच सोळाव्या शतकात साष्टी आणि तिसवाडीची देवळे पाडली गेली, तेव्हा आमच्या पूर्वजांनी रातोरात देव डोक्यावर घेतले, खाडी ओलांडली आणि अंत्रूज महालात आणून ठेवले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली. आपण ज्याला मूळ गाव म्हणतो, ते पुष्कळांच्या बाबतीत देवाचे दुसरे बिऱ्हाड आहे.

मंदिराच्या पायऱ्या उतरताना भाऊ म्हणाला, “देव गाव सोडून गेला तर चालते. घर विकलेले मात्र चालत नाही, असे का, दादा?”

न्यायालयात असा प्रश्न आला असता तर मी पुढची तारीख मागितली असती. देव संकटामुळे हलला, घर लोभामुळे विकले जाईल, असे काहीसे मी बोललो. लोभ हा शब्द तोंडातून निसटला आणि त्या दिवशीचे जेवण आम्ही न बोलता जेवलो.

चौथ्या सकाळी बोटीने उत्तर ध्रुववृत्त ओलांडले. एका खडकावर लोखंडी पृथ्वीगोल उभा करून ती रेषा दाखविली आहे. डेकवर वरुणाचे सोंग घेतलेला एक दाढीवाला उतारूंच्या मानेत बर्फाचे पाणी ओतीत होता; माझ्या पत्नीने ते आनंदाने ओतून घेतले, मी वकिली शिताफीने टाळले. यापुढे सूर्य मावळणार नव्हता, आणि आईची अडचण इथे खरी उभी राहिली. तिने निरांजन आणि तुपाच्या फुलवाती आणल्या होत्या. बोटीच्या खोलीत ज्योत लावायला सक्त मनाई. ब्रिग्गेनच्या व्यापाऱ्यांची गत आमची झाली. आणि ज्योत लावता आली असती तरी लावायची केव्हा? “पुता, हांगा सांज केन्ना जाता?” असे तिने विचारले. भाऊ म्हणाला, जुलै संपता संपता. ती हसली आणि म्हणाली, “हांगा खुद्द सूर्यनारायणूच न्हिदना, मागीर दिवो कोणाक दाखोवचो?”

हसली खरी, पण दिवेलागण चुकवणे तिला जमणारे नव्हते. तिच्या मनगटावर वडिलांनी दिलेले चावीचे घड्याळ आहे. आम्ही सर्वांनी ओस्लोला उतरताच घड्याळे साडेतीन तास मागे घेतली होती. तिने आपले घेतले नव्हते, हे आता कळले. गोव्यात सात वाजले म्हणजे देवळात दिवे लागतात. तेव्हा इथे दुपारचे साडेतीन. रोज त्या वेळेला, बोट कुठेही असो, ती पदर सावरून बसे, न लावलेले निरांजन समोर ठेवी आणि शुभंकरोतीपासून कुलदेवतेच्या आरतीपर्यंत सगळे पुटपुटे. कप्तान विथने अंधारात घड्याळावर बोट हाकली, आईने उजेडात घड्याळावर संध्याकाळ आणली.

त्याच दिवशी संध्याकाळी, म्हणजे घड्याळातील संध्याकाळी, लोफोटेनची बेटे दिसू लागली. समुद्रातून एकदम उभ्या राहिलेल्या काळ्या कड्यांची ती भिंत जवळ आली आणि पायथ्याशी तांबड्या लाकडी खोपट्यांची मच्छीमार गावे दिसली. फेब्रुवारीपासून इथे कॉडचा हंगाम चालतो. मिठाचा कणही न लावता, लाकडी मांडवांवर जोडी-जोडीने टांगून थंड वाऱ्यात मासा वाळवितात. आम्ही पोहोचलो तेव्हा मांडव बरेचसे रिकामे होते, तरी वास होता, आणि त्या वासाने सुकटीच्या बाजारात वाढलेली आमची नाके सुखावली. पण दैवदुर्विलास असा की तो सोमवार होता! आई सोमवारी शिवराक. जगातील सर्वोत्तम मासळीच्या माहेरघरी तिने उकडलेले बटाटे आणि पाव खाल्ला, आणि आम्ही तिच्यासमोर कॉड खाताना तो चवीला कसा आहे, याची तपशीलवार चौकशी केली.

जेवणानंतर डेकवर भाऊ स्वतःहून बोलला. किनाऱ्यावरच्या एका शेतघराकडे बोट दाखवून त्याने या देशातील ‘ओदेल’ हक्काविषयी सांगितले. वडिलोपार्जित शेतवाडीवर सर्वांत मोठ्या अपत्याचा पहिला हक्क. भावंडांना त्यांचा मोबदला द्यायचा, पण वाडी फोडायची नाही. १९७४ च्या कायद्याने मुलींनाही हा मान मिळाला. मी हर्षित झालो. माझी बाजू एका परकीय संहितेने उचलून धरली होती!

“पुढचे ऐक,” तो म्हणाला. “हक्क सांगणाऱ्याने वर्षाच्या आत तिथे राहायला जावे लागते. पाच वर्षे स्वतः राहावे लागते. तू मडगावला राहतोस, दादा. आई त्या घरात एकटी राहते. माझ्या चार आण्यांनी तिला काय मिळेल? पैसा मिळाला तर तिच्यासाठी माणूस ठेवता येईल, एवढेच मला सुचले. तू मला विचारलेच नाहीस. नोटीस पाठवलीस.”

मी वीस वर्षे उलटतपासणी घेत आलो आहे. समोरच्या साक्षीदाराला ‘तुम्ही असे का केले’ हा प्रश्न कधी विचारू नये, असे ज्येष्ठांनी शिकविले होते. उत्तर आपल्याविरुद्ध जाते. सवय इतकी अंगी मुरली की तो प्रश्न मी भावालाही विचारला नव्हता.

पाचव्या दिवशी ट्रोम्सो. पुलापलीकडे १९६५ मध्ये बांधलेले, बर्फाच्या कड्यांसारखे त्रिकोणी चर्च आहे; ते पाहायला गेलो आणि साडेतीन वाजले. आई बाहेरच्या बाकावर बसली. भाऊ तिच्या शेजारी बसला आणि, मी पाहत होतो, आरती त्याला पाठ होती. एक कडवे मी विसरलो होतो, ते त्याने म्हटले.

त्या रात्री बोट बेटांचा आडोसा सोडून उघड्या समुद्रात आली. डोंगर बाजूला झाले. बाराचा सुमार, आणि सूर्य उत्तरेच्या क्षितिजावर, समुद्राच्या चारेक बोटे वर, तांबूस सोनेरी. पश्चिमेकडे तोंड करून सायंसंध्या करावी असे लहानपणी शिकलो. इथे पश्चिमेला काहीच नव्हते, सारे उत्तरेला होते. साडेबारानंतर तो खाली जाण्याऐवजी सरकत सरकत वर येऊ लागला. त्या क्षणाला संध्याकाळ म्हणावी की पहाट, हे मला ठरविता आले नाही.

मी खोलीत जाऊन पुस्तक आणले. टिळकांनी ते १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. ऋग्वेदातील उषेची लांबच लांब वर्णने, तीस उषांचा उल्लेख, सहा महिन्यांचा दिवस, या सर्वांवरून वेदकालीन पूर्वजांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असावे, असा त्यांचा दावा. आजचे बहुतेक संशोधक तो मान्य करीत नाहीत, आणि वकील म्हणून मलाही त्यातील पुरावा परिस्थितिजन्यच वाटतो. पण रत्नागिरीत जन्मलेला, स्वतः वकिलीचे शिक्षण घेतलेला एक माणूस हा सूर्य कधीही न पाहता, केवळ ऋचा आणि ज्योतिर्गणित यांच्या आधाराने इथवर येऊन पोहोचतो, ही गोष्ट लहान नव्हे. आमचे वडील शाळामास्तर. त्यांनी गोव्याबाहेर मुंबईपलीकडे काही पाहिले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते हे पुस्तक घेऊन ओसरीवर बसत आणि आम्हां दोघांना ध्रुवावरचा दिवस नारळ आणि समई यांच्या साह्याने समजावून सांगत. समई सूर्य, आणि कलता धरलेला नारळ पृथ्वी. नारळ फिरविण्याचे काम धाकट्याचे असे.

मी पुस्तक भावाच्या हातात दिले. यादीविषयी काही बोललो नाही. त्याने पाने उलटली. ध्रुवप्रदेशातील उषेच्या प्रकरणात, समासात, वडिलांच्या बारीक अक्षरात एकच शब्द पेन्सिलीने लिहिलेला होता. ‘पाहावे.’ कदाचित दुसऱ्या कुठल्या ग्रंथात पाहावे, एवढाच त्यांचा अर्थ असेल. भावाने पुस्तक मिटले आणि तो बराच वेळ कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. आई आरामखुर्चीत शाल पांघरून जागीच होती.

सहाव्या पहाटे हामरफेस्ट आले. इथून पूर्वेकडे फिन्मार्क प्रांतात १९४४ च्या हिवाळ्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने घरे, धक्के, विजेचे खांबदेखील जाळून टाकले. लोकांना हाकलून दिले, आणि जे लपून राहिले त्यांनी गुहांत व उलट्या होड्यांखाली हिवाळा काढला. युद्ध संपताच माणसे परवानगीची वाट न पाहता आपल्या राखेवर परत आली. म्हणून इथली जवळजवळ सारी घरे त्यानंतरची आहेत. दुपारी होनिंग्सवोगहून उत्तर भूशिराला जाऊन आलो. ३०७ मीटर उंच कडा, धुके, आणि धुक्यात छायाचित्रे घेणारे पाचशे लोक. सूर्याने आदल्या रात्री आम्हांला जे दिले होते, ते पुन्हा दिले नाही.

सातव्या सकाळी किर्केनेसला बोटीचा प्रवास संपला. विमानाला चार तास होते. मी लखोटा काढला. भाऊ म्हणाला, “तो ठेव. पहिल्यांदा नोटीस मागे घे.”

मी बोटीवरच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. अमुक तारखेची नोटीस मी बिनशर्त मागे घेत आहे. माझ्या व्यवसायातील हा सर्वांत लहान मसुदा. कागद त्याच्या हातात देऊ लागलो तर आईने अडविले. नोटीस टपालाने गेली होती ना, मग हीही टपालाने जाऊ दे, असा तिचा निवाडा. गावात एक लाल टपालपेटी सापडली. माझ्याजवळ त्या देशाचे तिकीट नव्हते. ते भावाने विकत घेतले, आणि स्वतःचा पत्ता स्वतःच लिहिला.

घराचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. चार आणे अजून चार आणेच आहेत, आणि मसुदा माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. आईच्या सोबतीला आता गावातील एक बाई रात्री येते; तिचा पगार आम्ही दोघे मिळून देतो. मी मात्र शनिवारी कोर्टाचे कागद गुंडाळले की गावी जातो आणि सोमवारी सकाळी परततो. हे भावाला कळविले, तेव्हा त्याचे उत्तर आले. पाच वर्षे स्वतः राहण्याची अट आठवड्यातून दोन रात्री या हिशेबाने पुरी व्हायला साडेसतरा वर्षे लागतील, तरी चालू ठेवावे.